पुढे जायचे, पण कोणाला घेऊन?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की व्यक्तिमत्त्व विकास आणि नेतृत्व विकास शिबिरांच्या जाहिराती सर्वत्र झळकू लागतात. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी सुट्टी वाया घालवू नये, पुढील इयत्तेचे गणित-विज्ञान शिकावे, चारचौघांत धीटपणे बोलावे, अशी पालकांची इच्छा असते. ती मुळीच गैर नाही. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार आपण सर्वांनी शांतपणे करावा असे आम्हांस वाटते. पुढे जायचे ते कोणाच्या पुढे, आणि कशासाठी?

बुद्धिमान मुलांसाठी वेगळी सोय असावी, हा विचार नवा नाही. पुण्यात १९६२ साली आप्पासाहेब पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, ती याच हेतूने. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७२ मध्ये गणितात विशेष गती असलेल्या शाळकरी मुलांचा शोध सुरू केला; त्यातूनच पुढे तेथील उन्हाळी वर्ग उभे राहिले. आपल्या जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे नवोदय विद्यालय आहे. तेथे प्रवेश परीक्षेने होतो. मात्र किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. वेगाने धावू शकणाऱ्या मुलाला वर्गाच्या सरासरी चालीला जखडून ठेवणे हाही अन्यायच आहे. म्हणून ज्ञानाच्या बाबतीत निवड करण्यास आमचा विरोध नाही. अवघड गणित समजण्यासाठी काही पूर्वतयारी लागते, आणि ती परीक्षेने पारखता येते.

नेतृत्वाचे मात्र तसे नाही. विद्वत्ता मनुष्य स्वतः कमावतो. नेतृत्व त्याला इतरांच्या विश्वासातून लाभते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, तेव्हा धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा थोर अर्थशास्त्रज्ञ पाठीशी होता. परंतु शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडले ते विठ्ठलराव विखे पाटील. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नव्हते; लोकांचा विश्वास मात्र त्यांच्यापाशी होता. दोघांचीही गरज होती. तथापि एकाचा गुण मोजण्याचे माप दुसऱ्याला लावले असते, तर विठ्ठलराव पहिल्याच चाळणीत गळाले असते.

आता त्याच उसाच्या फडाकडे पाहू. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. त्यांच्याबरोबर गेलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी कोपीत भाकऱ्या थापते, भावंडे सांभाळते, वाढ्याच्या मोळ्या बांधते. कारखान्याचा पट्टा पडून ती गावी परतते, तोवर शाळेचे वर्ष सरत आलेले असते. आपण ज्याला सुट्टी म्हणतो, तोच तिच्या वाट्याला आलेला शिकण्याचा काळ होय. तुटपुंज्यात भागवणे, लहानांना धीर देणे, मोठ्यांची भांडणे निवळवणे हे सारे तिला येते. शिबिराच्या प्रवेशपत्रिकेत मात्र त्यासाठी रकाना नसतो. तेथे गुण विचारले जातात आणि शुल्क मागितले जाते.

यावर कोणी म्हणेल, सर्वांनाच घेतले तर दर्जा कसा राहील? शंका योग्य आहे, पण तिचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडते. बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत तरुण मे महिन्याच्या उन्हात घाम गाळण्यासाठी जातात. तेथे कोणाची गुणपत्रिका पाहिली जात नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. दर्जा तेथे उणावला नाही. तो निराळ्या ठिकाणी शोधला गेला.

आपल्या नगरशी निगडित असलेले सर्वांत बोलके उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे. येथे सिंथिया फरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. मिळालेली विद्या ज्यांना कोणी शिकवीत नव्हते त्यांच्या दारी त्यांनी नेली, आणि त्यापायी अंगावर चिखल-शेण झेलले. म्हणून त्या प्रशिक्षणाचे स्मरण आजही होते. आपल्या श्रद्धेत तर गुरूनेच कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. नेतृत्वाचा याहून वेगळा अर्थ आपल्याला शोभणारा नाही.

मग करावे काय? मे महिन्यात गावोगावी शाळांच्या खोल्या रिकाम्या असतात, आणि महाविद्यालयात शिकणारी मुले घरी आलेली असतात. पंधरा दिवसांचे शिबिर भरवावे. सकाळी गणित, भाषा आणि वाचन; उन्हे कलल्यावर बांधबंदिस्ती किंवा गावातील एखादे काम. फडावरून परतलेल्या मुलांना आग्रहाने बोलवावे. त्यांच्याकडून शुल्क घेऊ नये आणि त्यांच्यावर उपकाराची भाषाही वापरू नये. हुशार मुलांनी त्यांना शिकवावे, त्यांच्याकडून शिकावेही. मात्र त्या हुशार मुलांची स्वतःची ज्ञानाची भूक भागेल असा वेळही राखून ठेवावा, कारण त्यांना नुसते बिनपगारी शिक्षक बनवणेही न्यायाचे नाही.

ज्यांना आपल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या शिबिरांना धाडणे परवडते, त्यांनी खुशाल धाडावे. परंतु मूल परतल्यावर किती प्रमाणपत्रे आणलीस, एवढेच विचारून थांबू नये. शिकून आलास ते शेजारच्या घरी कधी सांगणार, हेही विचारावे. हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरातील मुलाला नेतृत्वाचा निम्मा पाठ शिबिराला जाण्यापूर्वीच मिळालेला असतो.