कोरडं फडकं, ओली गाडी

सकाळी सोसायटीच्या आवारात गाडीवर कोरडं फडकं फिरतं. धूळ जाते, पण तिच्यातली कच रंगावर ओरखडे ओढून जाते. उन्हात बॉनेटवर दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं ती हीच.

रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. रबिंग पॉलिश ओरखड्याभोवतालचा हाच थर झिजवतं, म्हणून ते क्वचितच करावं.

आधी भरपूर पाणी, मग सावलीत शाम्पू. बादल्या मात्र दोन हव्यातच: एक फेसाची, दुसरी फडकं खळबळायला. पक्ष्यांची विष्ठा भिजवून लगेच उचलावी. उन्हात तिचे डाग रंगात उतरतात.

शेवटी ब्राझीलच्या कार्नौबा ताडाच्या पानांवरचं मेण, अगदी पातळ थरात. पावसाचे थेंब मोत्यांसारखे ओघळेनासे झाले, की पुन्हा एक हात द्यायचा.