दाढा येईपर्यंतचं फलाफल

कैरोत सकाळच्या नाश्त्याला तळतात ती तामिया सोललेल्या वाळक्या बाकल्याची, कोथिंबीर-पार्सलीने आतून हिरवीगार. पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरियाकडे तेच काबुली चण्यांचं करतात, ते फलाफल. कडधान्य भिजवायचं, पण शिजवायचं नाही, हे दोन्हीकडे ठरलेलं. शिजलेल्या चण्याचा लगदा होतो. कच्ची भरड मात्र आच लागल्यावर फुलते आणि आपसूक धरून राहते. डाळवडे करणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको.

दीड वर्षाच्या मुलासाठी फलाफल ओव्हनमध्ये करायचं ठरलं की कोणीतरी म्हणतंच, ‘बरं झालं, तेल टळलं.’ मला हे पटत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्निग्धांश भरपूर लागतो. मेंदू वाढत असतो आणि पोट एवढंसं असतं. वजनाची धास्ती आपली, ती त्याच्या ताटलीत कशाला वाढायची? ओव्हन हवा तो दातांसाठी. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांत दिसू लागतात, त्यामागच्या दोन वर्षांच्या आसपास किंवा नंतर. तळणीतला तो कडक, खरपूस पापुद्रा आपल्याला कितीही प्यारा असला, तरी हिरड्यांना जड जातो.

पण ओव्हन आपल्या पद्धतीने छळतो. फलाफल कोरडं पडतं, तोंडात भुगा होतो. म्हणून तेल पिठातच घालावं, वाटीभर भिजल्या चण्याला दोन चमचे तरी, आणि कांदा किसून. वाटताना पाणी नको. अख्खा चणा किंवा मोठा तुकडा राहिला नाही ना, हे बोटांनी चाचपावं, कारण तो घशात अडकू शकतो. गोळ्यांऐवजी बोटभर लांब, चपटे वळावेत; मुठीत धरल्यावर वर टोक उरायला हवं, चावायला. 200 अंशांवर 20-25 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. सोबत दही.

मिरची वगळावी, मीठ नावापुरतं. ब्रिटनमध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांना सगळ्या दिवसाचं मिळून दोनच ग्रॅम मीठ सांगतात. पण लसूण, जिरं, कोथिंबीर का काढायची? लहान मुलांना मिळमिळीत आवडतं, हा मोठ्यांचा समज. लसणाचा वास तर आईच्या दुधातूनही उतरतो. पुष्कळ मुलांची त्याच्याशी ओळख घास घ्यायच्या आधीच झालेली असते.

एवढं करूनही पहिल्या दिवशी ते चिरडलं जाईल, केसांना लागेल, खाली जाईल. नवी चव स्वीकारायला मुलं आठ-दहा वेळा घेतात, कधी त्याहून जास्त. मागे लागू नये. त्याच्यासमोर आपण तेच खावं, मीठ आणि ठेचा वरून घेऊन. थोडं पीठ बाजूला ठेवून खुशाल तळावंही. आपल्याला दाढा आहेत.