योग्य वाटेल ते द्या

मराठी मध्यमवर्गीय माणसाला त्याच्या कामाचा दर विचारणे म्हणजे नव्या नवरीला चारचौघांत नाव घ्यायला सांगण्यासारखे आहे. नवरी लाजतमुरडत का होईना, शेवटी नाव घेते. आपण घेत नाही. आपण छताकडे बघतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." आपल्याला वाटते, काय हा आपला विनय! समोरच्याला वाटते, काय ही सूट!

यात आपला तरी काय दोष? पगार ही वस्तू आपण कधी मागून घेतलेलीच नसते. माझा पगार बँकांची संघटना आणि युनियन टेबलाच्या दोन बाजूंना बसून ठरवतात. महागाई भत्ता तर निर्देशांक ठरवतो. तेल-डाळ कडाडली की तिमाहीला माझी किंमत आपोआप वाढते. माझे स्वतःचे मोल किती, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कुणी विचारलेला नाही आणि मीही उगाच उकरून काढलेला नाही. नोकरीतली खरी शांतता म्हणतात ती हीच.

ही शांतता माझ्या मावसभावाची, म्हणजे अण्णाची, बावन्नाव्या वर्षी भंगली. अण्णा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. साहेबांनी त्याला बोलावून चहा पाजला, तेव्हाच खरे तर त्याने सावध व्हायला हवे होते. साहेब म्हणाले, "नोकरी सोडा आणि हेच काम कंत्राटावर घ्या. तुम्ही स्वतंत्र, आम्हीही मोकळे. पगार साठ हजार, भागिले तीस. रोजचे दोन हजार. हिशेब सरळ आहे." अण्णाला तो इतका सरळ वाटला की येताना पेढेच घेऊन आला.

मी कॉमर्सचा पदवीधर. पेढा तोंडात ठेवला आणि कागद पुढे ओढला.

वर्षाचा पगार ७,२०,०००. मूळ पगार तीस हजार धरला तर प्रॉव्हिडंट फंडात मालक घालतो ते बारा टक्के, म्हणजे ४३,२००. ग्रॅच्युइटी वर्षामागे पंधरा दिवसांची, महिन्याचे दिवस सव्वीस धरून, १७,३०८. घरादाराचा मेडिक्लेम कंपनी भरत होती, तो २५,०००. बेरीज झाली आठ लाख साडेपाच हजार.

मग दिवस मोजले. ३६५ मधून रविवार गेले ५२, सणावारांच्या सुट्ट्या १०, हक्काच्या रजा २१. उरले २८२. गेलेल्या दिवसांचे पैसे नोकरीत मिळतात, बाहेर आल्यावर कोण देणार? शिवाय आठवड्याचा एक दिवस नवे काम शोधणे, बिल लिहिणे आणि त्या बिलामागे हिंडणे यांत जायचा. नोंदणी केलेल्या लहान उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. पण पुष्कळ अकौंट्स खात्यांत दिवस मोजण्याचे पंचांग वेगळे असते. ते आणखी ५२ दिवस वजा जाता उरले २३०. साडेआठ नव्हे, आठ लाख साडेपाच हजारांना २३० ने भागले तर रोजचे साडेतीन हजार होतात. कॉम्प्युटर, वीज आणि कंबर मोडणार नाही अशी खुर्ची धरली की चार हजार. साहेबांच्या सरळ हिशेबाने अण्णाला वर्षाला मिळणार होते ४,६०,०००.

अण्णाचा पेढा हातातच राहिला. पण त्याला नडली ती बेरीज नव्हे, नीती. "अरे, माणूस तोच, टेबल तेच, नटबोल्टही तेच. कालपर्यंत जे दोन हजारांत करत होतो त्याचे आज चार हजार मागायचे? ही लबाडी नाही का?"

प्रश्न खोटा नव्हता. मला अ‍ॅडम स्मिथ आठवला. आमच्या वेळी तो दहा मार्कांना यायचा, म्हणून आम्ही त्याला दहा मार्कांपुरताच ओळखत होतो. पण १७७६ सालीच त्याने या गृहस्थाने गवंड्याची मजुरी जास्त का असते ते लिहून ठेवले आहे. कडाक्याच्या थंडीत, पावसात गवंड्याला काम नसते. म्हणून काम असेल त्या दिवसाच्या मजुरीत रिकाम्या दिवसांचे पोट धरावे लागते. आणि त्या रिकाम्या दिवसांत जी धाकधूक होते तिचाही मोबदला धरावा, असे तो म्हणतो. मी अण्णाला म्हटले, "कालपर्यंत तुझी धाकधूक कंपनी सांभाळत होती. आता ती तुझ्या घरी मुक्कामाला येणार. तिच्या जेवणाचा खर्च कोणी द्यायचा?"

अण्णा तरी घुटमळतच होता. तेव्हा आतून वहिनी आल्या. "अहो, तुम्ही खुशाल स्वस्तात काम करा. उरलेले पैसे कंपनी भरणार नाही, मी भरणार. तुमच्या आजारपणाला माझी पाटली आहेच. आणि उद्या तुमच्या हाताखालच्या पोरांना साहेब सांगतील, अण्णा दोन हजारांत करतात, तुम्ही कोण लागून गेलात?"

माझ्या मते सगळे नीतिशास्त्र ह्यात आले. कमी दर सांगणाऱ्याला आपण उदार आहोत असे वाटत असते. पण ते औदार्य तो बायकोच्या पाटलीतून आणि दुसऱ्याच्या ताटातून करतो.

मग वर मर्यादा कुठली? व्हिसलर नावाच्या चित्रकाराला १८७८ साली लंडनच्या कोर्टात वकिलाने विचारले, दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता? तो म्हणाला, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो. उत्तर अमर झाले. खटलाही तो जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे वाजले. तेव्हा ज्ञानाची किंमत जरूर मागावी, पण गिऱ्हाइकाकडे मागावी. माझी कसोटी साधी आहे : जो हिशेब समोरच्याला ओळीओळीने वाचून दाखवताना आवाज खाली जात नाही, तो दर न्याय्य. एखाद्या गरजू वर्कशॉपवाल्याला सूट द्यायची तर द्यावी. पण बिलावर आधी पूर्ण रक्कम लिहून, मग वजा करून. दान करणाऱ्याला निदान आकडा ठाऊक असावा.

अण्णाने चार हजार सांगितले. साहेब छताकडे न बघता तीन हजार सहाशेला कबूल झाले. ते इतक्या चटकन कबूल कसे झाले, या विचाराने अण्णाला दोन रात्री झोप नाही.

त्याच आठवड्यात त्याच्याकडे नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. वायसर बदलला आणि चारशे म्हणाला. "दहा मिनिटांचे चारशे?" अण्णा कडाडला. वहिनींनी काही न बोलता माझा कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. अण्णाने पैसे दिले. वर पाणीही विचारले.

पगारदार जगात वावरताना हा कागद सारखा आठवतो. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, भरपगारी. त्या दिवशी मी घरी पाय पसरून पेपर वाचतो, त्याला आमच्याकडे हक्काची विश्रांती म्हणतात. सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी त्याच शनिवारी आल्या नाहीत, तर दारादारांतल्या कॅलेंडरांवर त्या तारखेभोवती एक गोल पडतो. त्याला खाडा म्हणतात.