व्हिन्सेंट लॅम्बर्टच्या वतीने कोण बोलणार?

20 मे 2019 रोजी सकाळी फ्रान्समधल्या रीम्सच्या विद्यापीठ रुग्णालयात व्हिन्सेंट लॅम्बर्टला नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणी थांबवण्यात आले. रात्री पॅरिसच्या अपील न्यायालयाने ते पुन्हा सुरू करायला लावले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे त्याच्या आईवडिलांनी दाद मागितली होती. छाननी होईपर्यंत उपचार चालू ठेवा, असे समितीने फ्रान्सला सांगितले होते. न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.

व्हिन्सेंट मनोरुग्णांची शुश्रूषा करणारा परिचारक. 2008 मधल्या रस्ता अपघातात त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. श्वास तो स्वतः घेत होता, पण प्रतिसाद जवळपास नव्हता. अशा अवस्थेत जगवून ठेवलेले त्याला आवडले नसते, असे पत्नी रेचल सांगत होती. आईवडील श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्या लेखी मुलगा दिव्यांग होता, मरणासन्न नव्हता. भावंडांतही फूट पडली. 2014 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आणि 2015 मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 12 विरुद्ध 5 मतांनी उपचार थांबवण्याच्या बाजूने कौल दिला, तरी वाद मिटला नाही.

आईवडिलांच्या म्हणण्यात तथ्य होते. ‘असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं’ हे वाक्य धडधाकट माणसे किती सहज बोलतात! त्या सहजतेचा धसका दिव्यांगांनी घेतला आहे. अमेरिकेत 1996 मध्ये ‘नॉट डेड येट’ ही संघटना दिव्यांगांनी याच भीतीतून उभी केली, आणि 2005 मध्ये फ्लोरिडातल्या टेरी शायव्हो या प्रतिसादहीन महिलेची अन्नपाण्याची नळी काढण्याला तिने विरोध केला. संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे 25वे कलम तर दिव्यांगत्वाच्या कारणावरून अन्नपाणी नाकारायला स्पष्ट मनाई करते. ही तरतूद हवीच.

पण व्हिन्सेंटचे अन्नपाणी तो दिव्यांग आहे म्हणून थांबवले जात होते का? न्यायालयांनी वैद्यकीय अहवालांइतकेच वजन त्याच्या इच्छेला दिले होते. ती लेखी नव्हती. तोंडी बोलण्याचा पुरावा कच्चा असतो, आणि पत्नीच्या साक्षीवर शंका घेण्याचा हक्क आईला होताच. तरीही ‘आमच्याविना आमच्याविषयी काही ठरवू नका’ ही दिव्यांग चळवळीची घोषणा खरी मानायची, तर व्हिन्सेंट काय म्हणत होता हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. त्याच्या नावाने चाललेल्या मोहिमेत हाच प्रश्न मागे पडला. परक्या देशातली समिती भेदभावावर लक्ष ठेवू शकते. माणसाची इच्छा तिने बाजूला सारू नये.

28 जूनला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा आदेश रद्द केला. 11 जुलैला व्हिन्सेंट गेला. वय 42.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षे अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची इच्छा कळण्याचाही मार्ग नव्हता. 2011 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अन्नपाणी थांबवण्याची मागणी करणाऱ्या याचिकाकर्त्या लेखिकेपेक्षा त्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा शब्द मानला. पुढे 2018 मध्ये इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता मिळाली, 2023 पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरीसमोर करता येते. वाचकांनी ते शुद्धीत असतानाच करावे. उपचार थांबवायचे नसतील, तर तेही त्यात तितक्याच ठसठशीतपणे लिहावे.