अस्थिर आवृत्ती आणि प्रामाण्याचा प्रश्न

एखादे ज्ञान खरे आहे हे ते होतानाच कळते की मागाहून दुसऱ्या आधाराने ठरवावे लागते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद ‘प्रामाण्यवाद’ या नावाने ओळखला जातो. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचा खरेपणा, स्वतःसिद्ध असते आणि त्याला खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान, अर्थात बाधक, पुढे येईपर्यंत ते खरेच धरावे लागते. कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त ही बाजू हिरिरीने मांडली. नैयायिकांच्या मते मात्र प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून, कळते: पाणी दिसले म्हणून पुढे गेलेल्याची तहान भागली, तर ते दर्शन खरे होते असे ठरते, आणि कृतीच्या या सफलतेला ते ‘प्रवृत्तिसामर्थ्य’ म्हणतात. वाद पेटला तो वेदांच्या अधिकारावरून, परंतु ज्याची पारख अजून व्हायची आहे त्यावर विसंबून कृती करावी काय, हा त्यातील प्रश्न संगणकाच्या एका लहानशा फाईलमध्येही जसाच्या तसा उभा राहतो.

ही फाईल पॅकेज मॅनेजरची, म्हणजे संगणकावरील सॉफ्टवेअर आणणाऱ्या, बसवणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या व्यवस्थेची असते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअरच्या तीन मुख्य शाखा आहेत: स्टेबल, टेस्टिंग आणि अनस्टेबल. नवी आवृत्ती सहसा अनस्टेबलमध्ये येते, तेथे काही दिवस राहते, आणि त्या काळात तिच्यामुळे नवा गंभीर दोष नोंदला गेला नाही व तिला लागणारी इतर पॅकेजेही जुळली, तर ती टेस्टिंगमध्ये जाते. टेस्टिंग पुढे गोठवून, दोष निवारून, स्टेबल म्हणून प्रसिद्ध होते. या नियमात दोन्ही पक्ष एकत्र नांदतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाधक न आढळणे ही मीमांसकांची कसोटी. पण ते बाधक शोधले जाते नैयायिकांच्या मार्गाने, म्हणजे कोणीतरी ती आवृत्ती प्रत्यक्ष चालवून.

वापरकर्त्याची भूमिका अंकांत लिहिली जाते. डेबियनचे ‘एपीटी’ हे साधन प्रत्येक आवृत्तीला प्राधान्यांक देते: वापरकर्त्याने निवडलेल्या शाखेला ९९०, इतर शाखांना ५०० आणि आधीच बसवलेल्या आवृत्तीला १००. ‘प्रेफरन्सेस’ या फाईलमध्ये अनस्टेबल शाखेपुढे १०० लिहिले, तर नव्याने बसवायचे पॅकेज स्टेबलमध्ये असेपर्यंत तेथूनच येते आणि अनस्टेबलमधील आवृत्ती नाव घेऊन मागितल्याशिवाय त्याची जागा घेत नाही. १००० पेक्षा मोठा अंक दिल्याखेरीज एपीटी जुन्या आवृत्तीकडे परतत नाही, कारण नव्या आवृत्तीने माहितीची मांडणी बदललेली असू शकते. विश्वास ठेवणे सोपे आणि काढून घेणे महाग, ही विषमता दर्शनकारांपेक्षा या अंकांनी अधिक रोखठोकपणे नोंदवली आहे.

केवळ बाधकाच्या अभावावर भिस्त ठेवणे किती तोकडे पडते, याचे उदाहरण डेबियनच्याच इतिहासात आहे. २००६ साली त्यातील ‘ओपनएसएसएल’ या गूढलेखनाच्या पॅकेजमधील काही ओळी ‘व्हॅलग्राइंड’ या स्मृतिदोष शोधणाऱ्या साधनाच्या तक्रारी थांबवण्यासाठी वगळल्या गेल्या, आणि त्यामुळे एका प्रकारच्या व आकाराच्या संभाव्य गुप्त किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास उरल्या. ही आवृत्ती अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये आणि २००७ साली स्टेबलमध्येही गेली. दोष उघड झाला मे २००८ मध्ये. तोवर प्रत्येक पायरीवर तिला स्थिरतेची मान्यता मिळत होती.

मग पूर्ण खात्री होईपर्यंत थांबावे काय? तसे म्हटले तर प्रत्येक परीक्षेची परीक्षा मागावी लागेल आणि नैयायिकांवर मीमांसकांनी लावलेला अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या साखळीचा, दोष येईल. काश्मीरच्या जयंत भट्टाने ‘न्यायमंजरी’त यावर व्यवहारी वाट काढली: दृष्ट, म्हणजे रोजच्या अनुभवातल्या, विषयांत माणूस प्रामाण्याचा निश्चय न करताही कृती करतो; मात्र जेथे पुष्कळ द्रव्य आणि श्रम खर्ची पडून फळ अदृष्ट राहते, तेथे निश्चय आधी हवा. हा निकष येथेही पुरेसा आहे. स्वतःच्या यंत्रावर, माहितीची प्रत राखून, अस्थिर आवृत्ती चालवण्यास संशयही पुरतो. रुग्णालयाच्या नोंदी ज्यावर आहेत त्या यंत्रावर तो पुरत नाही, कारण तेथे किंमत दुसऱ्याने मोजायची असते.

संशय बाळगून चालवणाऱ्यांचे ऋण मार्च २०२४ मध्ये स्पष्ट झाले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियन अनस्टेबलवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाने, प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर आणि व्हॅलग्राइंडच्याच तक्रारी दिसल्या. या वेळी तक्रारीचा माग काढला गेला आणि ‘एक्सझेड’ या माहिती दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर ठेवलेला चोरदरवाजा सापडला. तो ठेवणाऱ्याने दोनेक वर्षे काम करून देखभालकर्त्याचा दर्जा मिळवला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांनी शब्दप्रमाणासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातून मिळणाऱ्या ज्ञानासाठी, ‘आप्त’ म्हणजे विश्वसनीय वक्ता आवश्यक मानला, आणि भाष्यकार वात्स्यायनाने विषयाच्या साक्षात ज्ञानासोबत तो जसा आहे तसा सांगण्याची इच्छाही आप्ताच्या लक्षणात घातली. येथे ज्ञान होते, इच्छा उलटी होती. पॅकेजवरील डिजिटल स्वाक्षरी वक्ता कोण ते सांगते, त्याची इच्छा सांगत नाही. ही आवृत्ती टेस्टिंगपर्यंत पोचली होती, स्टेबलपर्यंत नाही. तेव्हा अनस्टेबल वापरणाऱ्यांना सरसकट उतावळे म्हणणे स्टेबलच्या वापरकर्त्यांना तरी शोभत नाही. शोधानंतर डेबियनला अनस्टेबलमध्ये जुनी ५.४.५ ही आवृत्ती परत आणायची होती, पण एपीटी मागे जात नसल्यामुळे तिला नाव द्यावे लागले ‘५.६.१+रिअली५.४.५’.