रामेश्वर : वाटेने घडवलेले तीर्थ

पांबन हे तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातले वाळूचे आणि प्रवाळाचे बेट. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर रामनाथस्वामीचे मंदिर आहे. बारा ज्योतिर्लिंगांत ते मोडते आणि चार धामांपैकी दक्षिणेकडचे धामही तेच. बेटावर बांधकामाजोगा दगड नाही. मंदिराचा दगड पाणी ओलांडून आलेला आहे. यात्रेकरूही तसाच येत आला. म्हणूनच रामेश्वराचा विचार गाभाऱ्यापासून सुरू केला तर थोडेच हाती लागते. हे तीर्थ घडले ते तिथवर पोचण्याच्या खटाटोपातून.

स्थलपुराणातही पोचण्याचाच प्रश्न आहे. रावणवधानंतरच्या ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्तासाठी रामाने शिवलिंग स्थापायचे ठरवले आणि ते आणायला मारुतीला कैलासावर पाठवले. मुहूर्त टळू लागला, मारुती परतला नव्हता. तेव्हा सीतेने किनाऱ्यावरच्या वाळूचे लिंग केले आणि रामाने त्याचीच स्थापना केली. मागाहून आलेल्या मारुतीची समजूत रामाने घातली ती त्याच्या लिंगाला, म्हणजे विश्वलिंगाला, पहिल्या पूजेचा मान देऊन. तो क्रम आजही पाळला जातो. वाल्मीकी रामायणात ही कथा अशी विस्ताराने येत नाही. स्कंदपुराणातल्या सेतुमाहात्म्याने आणि लोकपरंपरेने ती वाढवली. उशिरा पोचलेल्याचा मान राखणारी ही कथा दूरच्या यात्रेकरूंच्या तीर्थाला शोभून दिसते.

स्थान जुने आहे. सातव्या शतकातल्या संबंदर आणि अप्पर या शैव संतांनी त्यावर पदे रचली आहेत. आज दिसणारे भव्य मंदिर मात्र बरेच अलीकडचे, आणि त्यामागे रामनाडचे सेतुपती आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी मदुराईच्या नायकांनी या घराण्याकडे रामनाडचा कारभार सोपवला. सेतूचे, म्हणजे रामाने लंकेकडे बांधलेल्या पुलाचे, राखणदार ही त्यांची पदवी. यात्रेकरूंची वाट निर्धोक ठेवणे हे त्यांचे कर्तव्य होते आणि त्यांच्या सत्तेचा आधारही. ज्याच्या ताब्यात वाट, त्याच्या पदरात पुण्य आणि महसूल दोन्ही! हा व्यवहार कुणी लपवला नाही आणि त्यात कुणाला विसंगतीही वाटली नाही.

सेतुपतींच्या कारकिर्दीत मंदिर वाढले ते प्राकारांच्या, म्हणजे गाभाऱ्याभोवतीच्या खांबांच्या वाटांच्या, रूपाने. अठराव्या शतकात पुरा झालेला सर्वांत बाहेरचा प्राकार उत्तर-दक्षिणेला प्रत्येकी सुमारे 640 फूट आणि पूर्व-पश्चिमेला प्रत्येकी सुमारे 400 फूट लांबीचा आहे. त्याच्या खांबांची संख्या 1212 सांगतात. एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाशी चालणारा माणूस बोटाएवढा दिसतो. स्थापत्याचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसनने द्राविड शैलीचे सारे सौंदर्य आणि तिचे सारे दोष एकाच ठिकाणी दाखवण्यासाठी हे मंदिर निवडले. मध्यभागी डोळ्यांत भरेल असे काही नाही, सगळा थाट भोवतीच्या वाटांचा, असा त्याच्या टीकेचा रोख होता. निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरून दोष काढणे पटत नाही. गाभाऱ्यातले दर्शन क्षणभराचे असते. भाविकाचा बाकीचा सारा वेळ चालण्यात जातो, आणि हे मंदिर त्या चालण्यासाठीच बांधलेले आहे.

स्नानाचा विधी पाहिला की हे स्पष्ट होते. आधी पूर्व गोपुरासमोरच्या अग्नितीर्थात, म्हणजे समुद्रात, बुडी मारायची. पाल्कच्या उपसागराचे हे पाणी उथळ आणि शांत असल्याने म्हातारीकोतारी माणसेही निर्धास्त उतरतात. मग ओलेत्यानेच देवळात शिरून बावीस तीर्थांवर जायचे. ही तीर्थे बहुतेक विहिरीच आहेत. काठावर उभा असलेला माणूस दोरीला बांधलेली लहान बादली खाली सोडतो, हिसक्यासरशी वर ओढतो आणि समोरच्या घोळक्याच्या डोक्यावर रिकामी करतो. घोळका पुढच्या विहिरीकडे पळतो. फरशी निसरडी, कुणाचे धोतर सुटते, कुणाचे मूल रडते, मागचे लोक ढकलत असतात. समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोडे आहे आणि प्रत्येकीची चव निराळी असल्याचे भाविक सांगतात. बाविसावे तीर्थ झाले की कोरडे कपडे घालून दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे. ओल्या वस्त्रांनी गाभाऱ्याकडे जाऊ देत नाहीत. तिकीट, गर्दी, पाणी ओढणाऱ्याची घाई, सगळे असूनही हा विधी अंगाला जाणवतो. ज्याला मंत्र कळत नाही त्यालाही तो पुरता करावा लागतो.

मराठी माणसाचे रामेश्वराशी नाते जुने आहे. मंदिरातले परंपरागत पुजारी मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण असून शृंगेरीच्या पीठाची दीक्षा घेतल्यावर त्यांना पूजेचा अधिकार मिळतो. काशीचे गंगाजल रामेश्वरावर घालायचे आणि सेतूची वाळू प्रयागच्या संगमात सोडायची, हे जोडव्रत महाराष्ट्रात घरोघर माहीत होते. रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती करणाऱ्या एकनाथांची कथा तर मुलांनाही ठाऊक असते. तिचा अर्थ भूतदयेपुरता धरला तर ती निम्मीच कळते. ज्यांच्यासमोर ती प्रथम सांगितली गेली त्यांना महिनोन्महिने खांद्यावर वाहिलेल्या त्या पाण्याची किंमत ठाऊक होती.

या वाटेवरचे सर्वांत मोलाचे मराठी काम तंजावरच्या भोसल्यांचे आहे. रामेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, उभारली. सरफोजी दुसरे यांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आहे. ब्राह्मणापासून परैयांपर्यंत सगळ्या जातींच्या वाटसरूंना तिथे अन्न मिळे, आजाऱ्यावर वैद्य उपचार करी, वाटेत प्रसूत होणाऱ्या बाईची सोय होई, अनाथ मुलांना शिक्षण मिळे. छत्रांत पंगतीचे भेद होतेच, पण उपाशी कुणी राहत नसे. देवळाचा उंबरठा मात्र सगळ्यांना खुला नव्हता. मद्रास प्रांतात ती दारे कायद्याने उघडायला 1939 आणि 1947 साल उजाडावे लागले. यात्रेच्या इतिहासात छत्रांना तळटीपेची जागा मिळते, ती वाढवायला हवी. सर्वांना सामावून घेण्यात वाट देवळाच्या पुष्कळ पुढे होती.

वाट चालवणारे सगळे हिंदूही नव्हते. अब्दुल कलामांच्या वडिलांची नाव यात्रेकरूंना बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीला नेत-आणत असे. सीतारामकल्याणाच्या उत्सवात तलावातल्या मंडपापर्यंत मूर्ती नेण्यासाठीच्या नावांची व्यवस्था हे मुस्लिम कुटुंबच करी, असे कलामांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

1914 मध्ये पांबनच्या खाडीवर रेल्वेपूल झाला आणि होडीचा टप्पा संपला. गाडी थेट धनुष्कोडीपर्यंत जाई आणि तिथून श्रीलंकेतल्या तलैमन्नारला बोट सुटे. सेतुस्नानाचे मूळ ठिकाण धनुष्कोडीच. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त केले आणि तिकडे निघालेली पॅसेंजर गाडी शंभराहून अधिक माणसांसह समुद्राने गिळली. पूल ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली 46 दिवसांत दुरुस्त झाला. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा चालू झाला नाही. अग्नितीर्थावरच्या स्नानालाच सेतुस्नान मानून घेणारे यात्रेकरू त्यानंतर वाढले.

1988 मध्ये मोटारींचा पूल झाला. 6 एप्रिल 2025 रोजी, रामनवमीला, जहाजांसाठी मधला गाळा सरळ वर उचलणारा नवा रेल्वेपूल सुरू झाला. आज अनेक यात्रेकरू सकाळी येऊन संध्याकाळी मदुराईकडे परततात. जुन्या पायी यात्रेबद्दल हळहळण्याचे कारण नाही, त्या वाटेवर माणसे पटकीने मरत. सोयीने नेमके काय बदलले ते मात्र नोंदवले पाहिजे. पूर्वी पाणी, माणूस आणि संकल्प एकत्र प्रवास करत. आता गंगाजल टपाल खात्याकडूनही मिळते आणि अभिषेकाची पावती खिडकीवर फाडून मिळते. वाळूसाठी अशी सोय अजून झालेली नाही. व्रत पुरे करायचे तर ती पिशवीत बांधून प्रयागला स्वतःच न्यावी लागते, आणि अनेक मराठी घरांतून ती आजही नेली जाते.