खोडलेलं रीडिंग

आमच्या भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये सोलर सेलचा प्रयोग खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेला असतो. शंभर वॅटचा बल्ब, त्याच्यासमोर वीतभर अंतरावर तळहाताएवढा सिलिकॉनचा सेल, एक रेझिस्टन्स बॉक्स आणि दोन मीटर. रेझिस्टन्स बदलत जायचं, व्होल्टेज आणि करंट टिपायचे, आलेख काढायचा. आलेखाची रेषा बराच वेळ आडवी चालते आणि शेवटी गुडघ्यात वाकून खाली उतरते. त्या गुडघ्यापाशी सेल सर्वांत जास्त शक्ती देतो. तिथून फिल फॅक्टर काढला की प्रयोग संपला. हा प्रयोग मी 19 वर्षं घेतोय.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वही घेऊन समोर आली. “सर, सुरुवातीला लोड न जोडता 0.58 व्होल्ट आलं होतं. सगळं झाल्यावर सहज पुन्हा बघितलं तर 0.53. कुठलं लिहू?” पुढची बॅच दारात उभी होती. मी म्हणालो, “पहिलंच ठेव. दुसऱ्या वेळी मोजताना काहीतरी चुकलं असेल.” तिने खोडरबराने 0.53 पुसलं. मी सही केली.

मीटर चुकला नव्हता आणि मुलगीही चुकली नव्हती. अर्धा तास बल्बसमोर राहून सेल तापला होता. फिलामेंटच्या बल्बमधून दिसणारा प्रकाश थोडा आणि उष्णताच फार बाहेर पडते. सिलिकॉनचा सेल तापला की त्याचं व्होल्टेज दर अंशामागे साधारण 2 मिलिव्होल्टने उतरतं. 25 अंशांनी तापलेल्या सेलने 50 मिलिव्होल्ट गमवायलाच हवे होते, आणि त्याने ते गमावले होते. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. त्याच सत्रात सकाळच्या लेक्चरला हाच नियम मी फळ्यावर लिहून दिला होता. सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच. सकाळी जे शिकवलं ते दुपारी एका मुलीच्या वहीत प्रत्यक्ष उमटलं, आणि मी ते पुसायला लावलं.

लक्षात आलं तेही माझं मला नाही. आमचा भाग डाळिंबाचा. आता बागेबागेत सौरपंपाची पॅनेलं उभी आहेत. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मे महिन्यात विचारलं, “सर, ऊन एवढं कडक आहे, मग पंपाला थंडीतल्यासारखा जोर का नाही?” विहिरीची पातळी खाली गेलेली असते, हे एक कारण त्यांना ठाऊकच होतं. मी दुसरं सांगू लागलो. पॅनेलवर छापलेले वॅट सेल 25 अंशांवर असतानाचे असतात. आपल्या उन्हाळ्यात पॅनेल 60 अंशांवर जातं, आणि दर अंशाला शक्ती साधारण 0.4 टक्क्याने घटते. म्हणजे सातवा हिस्सा नुसत्या तापण्यात जातो. सांगता सांगता मला ते 0.53 आठवलं आणि पुढचं बोलणं सुचेना. त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या लॅबमध्ये एका मुलीने मोजून आणलं होतं.

मी असं का केलं, याचा विचार करताना आधी कारणं हाताशी आली: चौघांत एक सेट, तीन तासांचं प्रॅक्टिकल, एक्स्टर्नलला दाखवायची जर्नलं. ती खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. “थांब, आपण थर्मामीटर लावून बघू” म्हणायला दहा मिनिटं लागली असती. खरं कारण असं, की मला गुळगुळीत आलेख हवा होता. माझ्या विद्यार्थिदशेत मीही जुन्या जर्नलवरून रीडिंग उतरवली आहेत, उत्तर आधी ठरवून आकडे मागून बसवले आहेत. शिक्षक झाल्यावर ती सवय मी कधी टाकलीच नाही, फक्त इतरांना लावली.

1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल केला, हे मी दरवर्षी सांगतो. त्याची कार्यक्षमता 6 टक्क्यांच्या आसपास होती. त्याआधीचं मात्र घाईत गाळून जातो. चॅपिन सुरुवातीला सेलेनियमवर काम करत होते आणि त्यांच्या हाती 1 टक्कासुद्धा लागत नव्हता. मग सिलिकॉन घेतलं, तर लिथियम वापरून केलेला जोड टिकेना, कारण लिथियम आत सरकत राहायचं. ही उतरती रीडिंग त्यांनी खोडली असती तर फुलर दुसऱ्या मूलद्रव्यांकडे वळलेच नसते. मुलांना मी 6 टक्के पाठ करायला दिले आणि हे दिलं नाही.

आता लॅबमध्ये पेन्सिल आणि खोडरबर बंद आहे. रीडिंग पेनाने लिहायचं, शेजारी वेळ आणि सेलचं तापमान. चुकलं असं वाटलं तर एक रेघ मारायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. गेल्या वर्षी मुलांनी डाळिंबाच्या रसाचा सेलही केला. ग्रेट्झेल आणि ओरेगन यांनी 1991 साली दाखवलेल्या रीतीचं हे साधं रूप: वीज वाहून नेणाऱ्या काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर भाजायचा, तो रसात बुडवून रंगवायचा, दुसऱ्या काचेवर पेन्सिलीचं शिसं घासायचं आणि मध्ये आयोडीनचं द्रावण सोडायचं. गच्चीवरच्या उन्हात 0.34 व्होल्ट आलं, करंट अगदी नगण्य. तीन दिवसांत द्रावण सुकलं आणि तेही गेलं. मुलांचे चेहरे उतरले. “पहिल्या दिवसाचंच लिहा” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, हे इथे कबूल करतो. मी गप्प राहिलो. त्यांनी तीनही दिवसांचे आकडे लिहिले, सेल का मेला तेही लिहिलं, आणि कडा मेणाने बंद करून दुसरा सेल करायला घेतला.

ती मुलगी आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. तिच्या वाचनात हे आलं, तर तिला एवढंच सांगायचं आहे: पोरी, तुझं 0.53 बरोबर होतं. चूक माझी होती.